कोरडे डोळे, कोरडे तोंड : एका रोगाचा इतिहास



चिंचेचे नुसते नाव काढले की आपल्या तोंडाला पाणी सुटते. लेकीची पाठवणी करताना बापाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. आपल्या भाषेने या दोन्ही पाण्यांना मोठा मान दिलेला आहे. पण ही दोन्ही पाणी एकाच वेळी आटली तर? चिंच समोर ठेवली तरी जीभ कोरडी, आणि घरात दुःखाचा प्रसंग आला तरी डोळे कोरडे, अशी अवस्था एखाद्या बाईची झाली तर? अशी अवस्था होते. तिला रोगाचे नाव आहे, आणि त्या नावामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

मी वैद्य नव्हे; इतिहास शिकवणारा माणूस आहे. त्यामुळे औषधाची चिठ्ठी लिहून देणे हे माझे काम नव्हे. परंतु हा रोग, आणि त्यातून कधी कधी उद्भवणारा लाळग्रंथींचा कर्करोग, हे दोन्ही ज्या रीतीने उजेडात आले ती रीत इतिहासकाराच्या ओळखीची आहे. जुने कागद जपून ठेवायचे, ते एकमेकांशेजारी मांडायचे आणि काळ पुढे गेल्यावर ते पुन्हा वाचायचे, अशी ती रीत. म्हणून या विषयावर बोलण्याचे धाडस करतो.

प्रथम आपल्या तोंडात काय व्यवस्था आहे ते पाहू. दोन्ही कानांच्या पुढे-खाली एक, जबड्याखाली एक आणि जिभेखाली एक अशा लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. शिवाय ओठांच्या व गालांच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक ग्रंथी असतात. या सगळ्या मिळून दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. लाळ घास ओला करते, दात किडण्यापासून वाचवते, तोंडातल्या जंतूंना आवर घालते. ती आटली म्हणजे भाकरीचा तुकडा घोटभर पाण्याशिवाय खाली उतरत नाही, रात्री तीन-तीनदा उठून पाणी प्यावे लागते आणि दात भराभर किडतात. अश्रू आटले म्हणजे डोळ्यांत रेती गेल्यासारखे टोचते. बरे, बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही! मग घरची माणसे म्हणतात, 'वय झालं, उन्हाळा आहे, चालायचंच.'

आता आपण १८८८ सालात जाऊ. त्या एकाच वर्षी युरोपात दोन निरनिराळ्या ठिकाणी या कोड्याचे दोन तुकडे हाती आले. लंडनमध्ये हॅडन नावाच्या डॉक्टरांनी एका बाईची हकीकत वैद्यांच्या सभेपुढे ठेवली. तिचे तोंड कोरडे ठणठणीत पडले होते, जीभ भेगाळली होती आणि तिला रडूही येत नव्हते. हॅडन यांनी तिला ब्राझील देशातल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाचा अर्क दिला, आणि तिला काहीसा आराम पडला. त्या झुडपातले पिलोकार्पिन हे द्रव्य अशा रोग्यांना आजही गोळीच्या रूपाने देतात.

दुसरा तुकडा मिळाला पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबेर्ग शहरात. ते शहर आज रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राद असे आहे. तिथे योहान मिकुलिच नावाचे नामांकित शल्यवैद्य होते. त्यांच्याकडे एक बेचाळीस वर्षांचा शेतकरी आला. त्याच्या डोळ्यांवरच्या अश्रुग्रंथी आणि गालांतल्या व जबड्याखालच्या लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी सुजून टणक झाल्या होत्या. आपल्याकडे पोरांना गालगुंड होतात, तसाच चेहरा. पण गालगुंड आठ-दहा दिवसांत उतरतात, आणि ही सूज काही केल्या उतरत नव्हती. मिकुलिच यांनी सुजलेला भाग कापून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला. लाळ तयार करणाऱ्या पेशींच्या जागी बारीक गोल पेशींची दाटी झालेली त्यांना दिसली. १८९२ साली त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केले, आणि अशा सुजेला मिकुलिचचा रोग म्हणू लागले.

पहा, लंडनच्या बाईला कोरडेपणा होता, आणि क्योनिग्सबेर्गच्या शेतकऱ्याला सूज होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकेल, असा विचार करण्याचे त्या काळी कोणालाच कारण नव्हते. पुढे १९२५ च्या सुमारास पॅरिसमधल्या गुझेरो नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी डोळे, तोंड व इतर ठिकाणचा कोरडेपणा हा एकाच सर्वांगीण विकाराचा भाग असावा, असे मत मांडले. फ्रान्समध्ये म्हणूनच या रोगाला अजूनही गुझेरो यांचे नाव जोडतात.

यानंतर कथेत येतात हेन्रिक शोग्रेन. यांचा जन्म १८९९ सालचा, स्वीडनमधला. स्टॉकहोमला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते नेत्रवैद्य झाले. १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे एक बाई आली. तिचे डोळे कोरडे, तोंड कोरडे आणि सांधे दुखरे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे पाहावेत आणि बाकीचे दुसऱ्याकडे पाठवावे, हा रिवाज सगळीकडेच असतो. शोग्रेन यांनी तसे केले नाही. डोळा, जीभ आणि गुडघा या तिन्ही तक्रारी एकाच माणसाच्या आहेत, एवढी साधी गोष्ट त्यांनी मनात धरून ठेवली आणि असे आणखी रोगी शोधायला सुरुवात केली.

१९३३ साली त्यांनी आपला प्रबंध जर्मन भाषेत सादर केला. त्यात एकोणीस रोग्यांची हकीकत होती. एकोणीसच्या एकोणीस बायका. आणि त्यांपैकी तेरा जणींना जुनाट संधिवात. डोळ्यांची तपासणी करताना त्यांनी एक तांबडा रंग डोळ्यात घालून कोरड्या पडून इजा झालेला भाग रंगवून दाखवला. त्या रंगाचे नाव 'रोझ बेंगॉल'; म्हणजे नावात आपला बंगाल आहेच. अश्रू मोजण्याची सोपी युक्ती मात्र त्याआधीच, १९०३ साली, ओटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्यांनी काढली होती. टीपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहायचे. पाचापेक्षा कमी भिजली तर अश्रू अपुरे समजतात. शिक्षक मंडळींनी लक्षात घ्यावे, की एवढे मोठे निदान टीपकागदाच्या पट्टीपासून सुरू होते.

शोग्रेन यांनी आणखी एक महत्त्वाचा भेद केला. डोळे कोरडे पडण्याचा एक प्रकार अ-जीवनसत्त्वाच्या अभावानेही होतो. आपल्याकडे रातांधळेपणाने ज्याची सुरुवात होते तोच तो. त्यापासून आपला रोग वेगळा ओळखता यावा म्हणून त्यांनी त्याला निराळे शास्त्रीय नाव दिले. हा भेद नावापुरता नव्हता. एकाचा उपाय पालेभाजी, गाजर, दूध आणि जीवनसत्त्वाचा डोस असा आहे. दुसऱ्यावर या गोष्टींचा इलाज चालत नाही.

आता एवढ्या मोलाच्या प्रबंधाचे काय झाले म्हणाल, तर परीक्षकांना तो फारसा पसंत पडला नाही. विद्यापीठात अध्यापकपद मिळण्याइतकी श्रेणी त्याला मिळाली नाही. शोग्रेन राजधानी सोडून योनशेपिंग या गावच्या रुग्णालयात नेत्रविभागाचे प्रमुख झाले आणि तिथेच काम करीत राहिले. १९४३ साली ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्यांनी प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे गेले. पुढे १९५७ साली गॉटेनबर्ग विद्यापीठाने शोग्रेन यांना अध्यापकपद दिले, आणि १९६१ साली स्वीडिश सरकारने त्यांना प्राध्यापक ही पदवी बहाल केली. १९८६ साली ते वारले. ज्या प्रबंधाने दार बंद झाले होते, त्याच प्रबंधाने त्यांचे नाव रोगाला चिकटून कायम राहिले.

इथपर्यंतची कथा कोरडेपणाची झाली. आता त्या शेतकऱ्याच्या सुजेकडे वळू. १९५३ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मॉर्गन आणि कॅसलमन या दोन डॉक्टरांनी मिकुलिचचा रोग म्हणून नोंदलेल्या अठरा रोग्यांच्या ग्रंथींचे नमुने पुन्हा काढून तपासले. शोग्रेनच्या रोगातल्या ग्रंथी आणि या ग्रंथी यंत्राखाली हुबेहूब सारख्या दिसल्या. त्यांनी निष्कर्ष काढला, की हे दोन रोग नसून एकच रोग आहे. (एकविसाव्या शतकाच्या आरंभी जपानी डॉक्टरांनी दाखवून दिले, की मिकुलिचच्या नावाखालचे काही रोगी खरोखरच निराळ्या रोगाचे असतात. म्हणजे जे जोडले त्यातले काही पुन्हा सोडवावे लागले. इतिहासात असे होतच असते.)

या सुजलेल्या ग्रंथींना त्या सुमारास शास्त्रीय ग्रंथांत 'सौम्य' हे विशेषण लावले जात होते. सौम्य म्हणजे कर्करोग नव्हे, जिवाला धोका नाही. यंत्राखाली जो तुकडा दिसत होता, त्यापुरते ते विशेषण बरोबरही होते. पण तुकडा हा एका दिवसाचा असतो. रोगी वर्षानुवर्षे जगतो. शेताचा एक दिवसाचा फोटो पाहून सुगी सांगता येत नाही, तसेच हे होते.

मग ही गोष्ट उघडकीला आली कशी? वॉशिंग्टन शहराजवळ बेथेस्डा इथे अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्था आहेत. तिथे जोसेफ ब्युनिम आणि नॉर्मन तलाल हे डॉक्टर शोग्रेनच्या रोग्यांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासत आणि नोंदी ठेवत. अठ्ठावन्न रोग्यांच्या नोंदी त्यांच्यापाशी जमल्या. त्यांतल्या तिघांना लसिका पेशींचा घातक कर्करोग झाला, आणि चौथ्याला त्याच घराण्यातला रक्ताचा एक विकार. अठ्ठावन्नात चार! हा निव्वळ योगायोग नव्हे, असे त्यांनी १९६४ साली लिहिले.

त्यांच्या हाती नवे यंत्र होते असे नाही. होते ते जुने दप्तर. एखादा मास्तर एकाच शाळेत वीस वर्षे राहतो आणि हजेरीपटावरून त्याला कळते, की अमुक वस्तीतली मुले सुगीत हमखास गळतात. एका दिवसाच्या तपासणीला आलेल्या साहेबाला ते कधी कळायचे नाही. तसेच हे घडले.

पुढे १९७८ साली त्याच संस्थेतून मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. एकशे छत्तीस बायकांवर सरासरी आठ वर्षे लक्ष ठेवले होते. त्यांपैकी सात जणींना लसिका पेशींचा कर्करोग झाला. सर्वसाधारण लोकांच्या मानाने हे प्रमाण सुमारे चव्वेचाळीस पट निघाले. हा आकडा ऐकून कोणीही दचकेल. म्हणून इथे जरा थांबून गणित करू. शिक्षकांना ते वर्गातही वापरता येईल. चव्वेचाळीस पट म्हणजे शंभरातल्या चव्वेचाळीस नव्हे. एकशे छत्तीसात सात म्हणजे शंभरात सुमारे पाच. मूळ धोका फारच थोडा असल्याने पट मोठी दिसते. शिवाय अशा मोठ्या संस्थेत गंभीर रोगीच अधिक येतात. २००६ साली खुद्द स्वीडनमध्ये, माल्मो शहरातल्या रोग्यांचा हिशेब झाला, त्यात ही पट सुमारे सोळा आली. तेव्हा धोका खरा आहे, पण शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव रोग्यांना हा कर्करोग कधीच होत नाही, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकदम सांगायला हव्यात. पहिलीच सांगितली तर माणसे घाबरतात, दुसरीच सांगितली तर निष्काळजी होतात.

आता कोरड्या ग्रंथीत कर्करोग यावा कसा? आपल्या रक्तात लसिका पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतूंपासून शरीराचे रक्षण करणे हे त्यांचे काम. त्या आपल्या अंगच्या राखणदार आहेत. शोग्रेनच्या रोगात हे राखणदार घरच्याच माणसांना चोर समजतात. ते लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींत शिरतात, तिथेच मुक्काम ठोकतात आणि लाळ करणाऱ्या पेशींचा नाश करतात. मिकुलिच यांनी पाहिलेली बारीक गोल पेशींची दाटी ती हीच.

मुक्काम पडला म्हणजे वंश वाढतो. वर्षानुवर्षे या पेशी दुणावत राहतात. प्रत्येक वेळी पेशी दुणावताना तिच्यातला सगळा अनुवंशिक मजकूर उतरून घ्यावा लागतो, आणि जितक्या नकला अधिक तितका चुकीचा संभव अधिक. सुरुवातीला ग्रंथीतली गर्दी यात्रेसारखी असते; नाना गावांची, नाना कुळांची माणसे. पुढे एखाद्या पेशीच्या नकलेत अशी चूक होते, की तिला थांबणेच ठाऊक राहत नाही. मग तिचाच वंश फोफावतो. शेतात हराळी माजावी आणि बाकीचे गवत मागे पडावे, तशी सगळी ग्रंथी एकाच कुळाच्या पेशींनी भरते. हाच लाळग्रंथीचा लसिका-कर्करोग.

या विचाराला बळकटी आली ती पोटातून. १९८३ साली पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी जठरात व आतड्यांत होणाऱ्या अशाच एका मंदगती कर्करोगाचे वर्णन केले. निरोगी जठरात लसिका पेशींचे ठाणे नसते. दीर्घकाळच्या दाहामुळे ते बसते, आणि त्या ठाण्यातून कर्करोग निघतो. जठरातला दाह बहुधा एका जंतूमुळे असतो. १९९३ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी अशा सहा रोग्यांना केवळ जंतुनाशक औषधे दिली, आणि पाच जणांचा कर्करोग ओसरला. चेतवणारे कारण काढून घेतले की आग निवली.

निरोगी लाळग्रंथीतही असे ठाणे नसते. ते शोग्रेनचा रोग बसवतो. मग इथे तसाच उपाय का करीत नाहीत? कारण जठरात चेतवणारा परका जंतू होता, त्याला हाकलता आले. इथे चेतवणारे आपलेच शरीर आहे, आणि त्याला हाकलून कुठे देणार? म्हणून या रोगात लक्ष ठेवणे हाच पहिला उपाय ठरतो. सुदैवाने हा कर्करोग बहुधा सावकाश वाढतो. कधी डॉक्टर नुसती नजर ठेवतात, कधी किरणोपचार करतात, कधी या विशिष्ट पेशींवर नेमकी चाल करणारी रिटुक्सिमॅबसारखी औषधे देतात. मात्र काही थोड्या रोग्यांत तो आपली मंद चाल सोडून झपाट्याने वाढणारे रूप घेतो. त्या वेळी उशीर महागात पडतो.

कोणावर जास्त नजर ठेवायची, हेही नोंदींनीच शिकवले. ज्यांच्या कानाखालची सूज येते-जाते असे न होता कायम राहते, ज्यांच्या पायांवर जांभळट ठिपके उठतात, मानेत-काखेत गाठी येतात, रक्ताच्या तपासणीत काही ठरावीक प्रथिने कमी किंवा विचित्र निघतात, त्यांना धोका अधिक असतो. विशेषतः एकाच बाजूची गाठ टणक होऊन वाढू लागली, बारीक ताप राहू लागला, वजन घटू लागले, तर दवाखाना गाठण्यात दिरंगाई करू नये.

खेड्यातल्या श्रोत्यांना एवढेच सांगणे आहे. तोंडाचा आणि डोळ्यांचा कोरडेपणा पुष्कळ कारणांनी येतो. उतारवयाने, मधुमेहाने, काही औषधांनीसुद्धा. प्रत्येक कोरड्या तोंडात शोग्रेन शोधत बसू नये. पण एखादी चाळिशी-पन्नाशीची बाई तीन-तीन महिने म्हणत असेल की डोळ्यांत खुपतं, घास पाण्यावाचून गिळवत नाही आणि सांधे धरतात, तर या तीन तक्रारी तीन नव्हेत, एक असू शकते. या रोगाच्या दहा रोग्यांत नऊ बायका असतात, आणि आपल्या घरांत बाईच्या तक्रारीला 'चालायचंच' हे उत्तर फार लवकर मिळते. गालाखालची सूज महिना उलटूनही उतरली नाही, तर ते गालगुंड नव्हे असे समजून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात दाखवावे. ओठाच्या आतल्या बाजूचा तांदळाच्या दाण्याएवढा कण काढूनही आज पुष्कळसे निदान होते. आणि दवाखान्याचे कागद फेकून देऊ नयेत. सातबाऱ्याचा उतारा जपतो तसे जपावेत. पाच वर्षांपूर्वीचा कागद आजच्या डॉक्टरांना जे सांगतो, ते आजची तपासणी एकटी सांगू शकत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझ्या मनात या कथेतली एक गोष्ट राहते. मिकुलिच यांनी सूज पाहिली, हॅडन यांनी कोरडेपणा पाहिला, शोग्रेन यांनी डोळा आणि सांधा एकत्र पाहिले. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच होते. परंतु त्या रोगाचा धोका कोणाच्याही एका नजरेत मावणारा नव्हता. तो दिसण्यासाठी अठ्ठावन्न माणसे वर्षानुवर्षे त्याच दारी परत यावी लागली, आणि त्या दारी कोणीतरी न कंटाळता लिहून ठेवावे लागले. त्या रोग्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आज एखाद्या बाईची गाठ वेळेवर ओळखली जाते, ती त्यांच्यामुळे.